रक्तांतील लोखंड आणि लोहचुंबक

लहानपणीं लोहचुंबकाचा तुकडा दोऱ्यास बांधून तो ओढ्याच्या वाळूंतून फिरविण्याचा खेळ आपणांपैकीं पुष्कळांनीं खेळला असेल. चुंबक वर उचलला, कीं त्यास काळ्या बारीक रेतीची दाढी फुटलेली दिसे. ती चिमूटभर रेती हातानें निवडावयाची म्हटली असती, तर दिवस मावळला असता. चुंबकानें तें काम घटकाभरांत होई. आज ज्या शास्त्रीय युक्तीविषयीं मी बोलणार आहें, ती मुळांत या खेळाहून फारशी निराळी नाहीं. वाळूच्या जागीं येथें माणसाचें रक्त आहे, आणि शोधावयाचा आहे तो हिवतापाचा जंतु.

श्रोतेहो, या विषयाकरितां मी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यमय जिल्हे डोळ्यांसमोर ठेवले आहेत. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता. या मुलखाच्या पोटांत लोखंड विपुल आहे. चंद्रपूरकडील लोहारा या गांवाच्या नांवांतच तें ऐकूं येतें; एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरांतून तर आज मोठ्या प्रमाणावर लोहदगड काढला जात आहे. आणि जसें लोखंड विपुल, तसाच हिवतापहि. महाराष्ट्रांतील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वांटा वर्षानुवर्षें गडचिरोली जिल्ह्यांतून येत राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील माडिया आणि गोंड वस्त्यांना पावसाळ्यामागून काय येतें, हें सांगावयास नको. हेमलकसा येथें १९७३ सालीं सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यांत खांद्यावरून, बाजेवरून आणलेल्या रोग्यांमध्यें हिवताप मेंदूंत शिरून शुद्ध हरपलेलीं माणसेंहि असत. येथील हिवताप बहुतांशीं फाल्सिपॅरम जातीच्या जंतूचा, आणि हिवतापाच्या जातींमध्यें जीवघेणी म्हणून हीच कुप्रसिद्ध आहे.

औषधें आहेत, औषध लावलेल्या मच्छरदाण्या आहेत, बोटास टोचून गांवांतच निदान करणारी आशा सेविका आहे. मग हा रोग निघून कां जात नाहीं? जंगल, डास, पाऊस, दूरचा रस्ता हीं कारणें आपण ऐकलेलीं आहेत, आणि तीं खरींच आहेत. परंतु आणखी एक कारण आहे, तें दिसत नाहीं म्हणूनच बोललें जात नाहीं. ज्या वस्तींत हिवताप दरवर्षीं येतो, तेथील मोठ्या माणसांच्या अंगांत त्यास तोंड देण्याची अर्धीमुर्धी शक्ति येते. असा मनुष्य जंतु बाळगून असतो आणि तरीहि त्यास ताप नसतो. तो शेतांत जातो, तेंदूपत्ता तोडतो, मोहाचीं फुलें वेंचतो. ताप नाहीं म्हणून त्याचें रक्त कोणी तपासीत नाहीं. आणि तपासलें, तरी बहुधा त्यांत कांहीं आढळत नाहीं. रात्रीं डास मात्र त्यास चावतो, आणि कांहीं आठवड्यांनीं शेजारच्या घरांतील तीन वर्षांचें मूल तापानें फणफणतें.

आतां हें "आढळत नाहीं" म्हणजे काय, याचा थोडा हिशेब करूं. हिशेब कंटाळवाणा असतो खरा, पण या प्रकरणाचें सारें मर्म त्यांतच आहे. एका घन मिलिमीटर रक्तांत, म्हणजे टांचणीच्या डोक्याएवढ्या रक्तांत, सुमारें पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. त्यांपैकीं पन्नास पेशींत जंतु असले, तर लाखांत एक पेशी रोगट झाली. आशा सेविकेजवळची झटपट निदानाची पट्टी आणि दवाखान्यांतील काचपट्टी यांची धांव साधारणपणें येथपर्यंतच जाते. शंभराच्या आंत आंकडा आला, कीं पट्टीचा भरवसा धरवत नाहीं. काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरून तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकांतून शंभर क्षेत्रें पाहतो. डोळे दुखेपर्यंत केलेल्या या पाहणींत जेमतेम पाव घन मिलिमीटर रक्त पाहून होतें. घन मिलिमीटरास एकच जंतु असलेला मनुष्य समोर आला, तर अत्यंत वाकबगार तंत्रज्ञासहि तो चारांत एकदांच सांपडावयाचा. आणि या 'निरोगी' माणसाच्या सबंध शरीरांत जंतु किती? अंगांत पांच लिटर रक्त धरलें, तर पन्नास लाख!

तेव्हां दोष तंत्रज्ञाच्या डोळ्यांचा नाहीं, सूक्ष्मदर्शकाचाहि नाहीं. जंतु लहान आहे ही अडचण नव्हे. तो विरळ आहे ही अडचण आहे. विरळ वस्तूस उपाय एकच: तिला एकत्र करणें. विदर्भांतील सोनझारी लोक नदीची वाळू आणि सराफांच्या दुकानांपुढील केर धुऊन सोन्याचे कण काढीत. त्यांनीं सोनें अधिक बारकाईनें पाहण्याचा प्रयत्न केला नाहीं, त्यांनीं वाळू धुऊन टाकली. रक्ताची वाळू धुऊन टाकावयाची कशी, हाच प्रश्न आहे.

त्याचें पहिलें उत्तर जंतूनेंच देऊन ठेवलें आहे. हिवतापाचा जंतु तांबड्या पेशींत शिरून तेथील हीमोग्लोबिन खातो. हीमोग्लोबिनमध्यें लोखंड असतें. हीमोग्लोबिन पचवितांना हें लोखंड धारण करणारा जो अंश मोकळा होतो, तो जंतूस विषासारखा आहे. म्हणून जंतु त्याचे काळसर तपकिरी स्फटिक बनवून पोटांत बाजूला ठेवतो. या स्फटिकांना हीमोझोइन असें नांव आहे. हिवतापाच्या इतिहासांत या काळ्या कणांनीं दोनदां वाट दाखविली. १८८० सालीं अल्जीरियांतील फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरां यानें रोग्याच्या रक्तांत अशाच काळ्या कणांनीं भरलेल्या आकृति पाहिल्या आणि त्यांतील एकीस हालतांना पाहून हा सजीव जंतु आहे हें ओळखलें. पुढें १८९७ च्या ऑगस्टमध्यें सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसनें डासाच्या जठराच्या भिंतींत कांहीं गोल पेशी पाहिल्या. त्या डासाच्या स्वतःच्या नव्हेत, हें त्यास कळलें तें त्यांतील काळ्या कणांवरूनच. सिकंदराबाद कांहीं फार दूर नव्हे; सिरोंचाहून गोदावरी ओलांडली, कीं आपण त्याच राज्यांत पाऊल ठेवतों.

रक्तांत लोखंड असूनहि रक्त चुंबकाकडे धांवत नाहीं, याचें नवल मोठमोठ्यांस वाटलेलें आहे. मायकेल फॅरडेनें १८४५ सालीं वाळलेलें रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलें होतें. १९३६ सालीं लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं याचा उलगडा केला: प्राणवायु घेतलेलें रक्त चुंबकापासून किंचित् दूर सरतें, प्राणवायु दिलेलें रक्त किंचित् जवळ येतें. दोन्ही हालचाली इतक्या अल्प, कीं डोळ्यांस कांहींच दिसूं नये. परंतु जंतूनें बनविलेल्या स्फटिकांतील लोखंडाची स्थिति निराळी असते. तें चुंबकाकडे स्पष्टपणें ओढलें जातें. १९८१ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं बारीक पोलादी तारांच्या जाळींतून, चुंबकाच्या तीव्र प्रभावाखालीं रक्त गाळलें, तेव्हां निरोगी पेशी वाहून गेल्या आणि हिवतापाच्या पेशी जाळीस अडकून राहिल्या. चुंबक दूर केल्यावर त्या धुऊन घेतां आल्या. म्हणजे जंतूनें स्वतःच्या बचावासाठीं रचलेलें लोखंडच त्याला धरून देतें!

येथेंच गोष्ट संपली असती, तर फार बरें झालें असतें. पण फाल्सिपॅरम हा धूर्त आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या त्याच्या जीवनक्रमांत पहिल्या भागांत तो अंगठीच्या आकाराचा असतो, आणि तेव्हां त्याच्या पोटांत स्फटिक जवळजवळ नसतात. पोट भरून स्फटिक तयार होईपर्यंत तो ज्या पेशींत असतो, ती पेशी मेंदूच्या वा दुसऱ्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीस चिकटून बसते. बोट टोचून काढलेल्या रक्तांत ती येतच नाहीं. आपल्या हातीं येतात त्या बहुधा कोवळ्या अंगठ्या, आणि त्यांस चुंबकाची ओढ नाहीं. अपवाद एकच, पण महत्त्वाचा. दहाबारा दिवसांनीं या जंतूचे नर-मादी प्रकार तयार होऊन रक्तांत फिरूं लागतात. फाल्सिपॅरममध्यें त्यांचा आकार चंद्रकोरीसारखा असतो. डासाच्या पोटांत जाऊन रोग पुढें नेण्याचें काम हेच करतात, आणि यांच्या पोटांत स्फटिक भरपूर असतात. पापुआ न्यू गिनी या बेटांतील लोकांच्या रक्तावर केलेलें काम २००८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत चुंबकाच्या साह्यानें पाहिल्यावर, साध्या काचपट्टीवर न सांपडलेल्या कितीतरी चंद्रकोरी सांपडल्या. मला स्वतःला ही रीति फार आवडते, कारण रोगी कोण याहून रोग पसरविणारा कोण, हा प्रश्न ती विचारते.

उरलेल्या अंगठ्यांचें काय? ज्यास चुंबकाची ओढ नाहीं, त्यास ती बाहेरून चढवावी लागते. आज ज्यांना नॅनोकण म्हणतात, त्यांचें काम येथें सुरू होतें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दहा नॅनोमीटर जाडीचे कण एका ओळींत मांडले, तर रक्ताच्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर सातशे कण बसतील. हे कण बहुधा मॅग्नेटाइटचे असतात. सुरजागडचा दगड मुख्यतः हेमॅटाइट. मॅग्नेटाइट त्याचा सख्खा भाऊ, आणि ओढ्याच्या काळ्या रेतींत चुंबकास चिकटतो तो बहुधा हाच. प्रयोगशाळेंत मात्र डोंगर फोडावा लागत नाहीं. लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार ठराविक प्रमाणांत पाण्यांत विरघळवून त्यांत अमोनिया घातला, कीं शाईसारखा काळा सांका धरतो. तोच हा पदार्थ.

इतके बारीक कण कशाला, लोखंडाचा कीस कां नको, असें कोणी विचारील. कारणें दोन आहेत. लोखंडाचा कीस एकदां चुंबकाजवळ गेला, कीं स्वतःच चुंबक बनतो. मग चुंबक काढून घेतला तरी त्याच्या गुठळ्या सुटत नाहींत. दहा नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट कणास ही आठवण राहत नाहीं. चुंबक जवळ आणा, तो धांवत येतो. चुंबक दूर न्या, तो सारें विसरून पुन्हां पाण्यांत तरंगूं लागतो. इतक्या लहान कणांस ही विस्मृति कां होते, याची मीमांसा लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४९ सालीं केली. दुसरें कारण पृष्ठभागाचें. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे पाडले, तर साऱ्यांचें मिळून क्षेत्रफळ सहाशें चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतें. खड्याएवढ्या लोखंडांतून सहा गुंठे जमीन निघाली! चिकटावयाचें तें पृष्ठभागास चिकटतें. म्हणून जितका कण लहान, तितकी चिमूट कामाची.

प्रत्यक्ष व्यवहारांत अत्यंत सुटे कण फार हळू ओढले जातात, म्हणून पुष्कळदां असे असंख्य कण एका बारीक मण्यांत भरतात. एकसारख्या आकाराचे मणी बनविण्याची कला नॉर्वेंतील ट्रॉनहाइम येथील योन ऊगेलस्टाड या रसायनशास्त्रज्ञानें १९७६ च्या सुमारास साधली. त्यांत मागाहून लोखंड भरलें गेलें. मण्याच्या अंगावर काय लावावें, तें काम पाहून ठरतें. विशिष्ट पेशीस ओळखणारीं प्रतिद्रव्यें लावलीं, तर ती पेशी धरली जाते. जर्मनींतील श्टेफान मिल्टेनयी यानें १९९० सालीं पन्नास नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांनीं अशी पेशींची निवड करून दाखविली. आपल्या कामास मात्र याहून साधा लेप पुरतो, आणि तो म्हणजे सिलिका, ज्याची वाळू बनलेली असते ती. कांहीं तीव्र क्षारांच्या द्रावणांत डी.एन.ए. सिलिकेस घट्ट चिकटतो आणि शुद्ध पाण्यांत सुटतो, या गुणाचा उपयोग आम्स्टरडॅमच्या बूम व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं रोग्यांच्या नमुन्यांसाठीं केला. लोखंड आंत, वाळू बाहेर: असा हा कण.

आतां कृति ऐका. बोटांतील रक्त, किंवा गाळणकागदावर वाळविलेला रक्ताचा ठिपका, त्या क्षारांच्या द्रावणांत घालतात. पेशी फुटतात, जंतु फुटतो, साऱ्यांचा डी.एन.ए. मोकळा होतो. त्यांत तपकिरी कण टाकून नळी हलवितात. मग नळीच्या बाजूस चुंबक लावतात. ढवळलेलें पाणी हळूहळू निवळतें आणि नळीच्या एका अंगास काळा डाग गोळा होतो. डाग तसाच धरून ठेवून पाणी काढून टाकावयाचें, मद्यार्कानें दोनदां धुवावयाचें, चुंबक दूर करून थोडेंसें शुद्ध पाणी घालावयाचें. डी.एन.ए. कणांस सोडून पाण्यांत उतरतो. एक मिलिलिटर रक्तांत पसरलेला ऐवज पन्नास घन मिलिमीटर पाण्यांत आला, तर तो वीस पटींनीं दाट झाला. शिवाय रक्ताची तांबडी घाणहि गेली, आणि ही गोष्ट तितकीच मोलाची आहे. कारण पुढें पी.सी.आर. नांवाच्या क्रियेनें डी.एन.ए.च्या प्रती काढावयाच्या असतात, आणि रक्तांतील लोखंडयुक्त द्रव्य नेमका त्या क्रियेंत खो घालतें. एक लोखंड अडवितें, दुसरें सोडवितें. तीस वेळां दुप्पट केल्यानें एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, आणि मग घन मिलिमीटरास एक काय, त्याहून विरळ जंतुहि लपूं शकत नाहीं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयीं गैरसमज फार आहेत. सिलिकेचा कण निवड करीत नाहीं. तो रोग्याचा डी.एन.ए. आणि जंतूचा डी.एन.ए. दोन्ही सारख्याच आनंदानें उचलतो. जंतूचा कोणता, हें पी.सी.आर. ठरवितें. आणि जो जंतु त्या थेंबांत आलाच नाहीं, त्यास कोणताहि कण निर्माण करूं शकत नाहीं. दहा घन मिलिमीटरांस एक जंतु असेल, तर पन्नास घन मिलिमीटरांच्या ठिपक्यांत सरासरी पांच येतील. शंभरांस एक असेल, तर दोन ठिपक्यांतील एक रिकामाच जावयाचा. अधिक रक्त घ्यावें, तर शीर टोंचावी लागते, आणि धडधाकट माणसानें काय म्हणून शीर टोंचून घ्यावी? "मला ताप नाहीं, मग माझें रक्त कोठें नेतां?" हा वस्तींतील माणसाचा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं; तो अत्यंत रास्त आहे. त्याच्या भाषेंत, माडियांत किंवा गोंडींत, त्याचें उत्तर देतां आलें पाहिजे, आणि तपासणीचा निकाल त्या वस्तीस परत सांगितला पाहिजे, असें माझें मत आहे. संशोधनासाठीं रक्त नेणारे पुष्कळ; निकाल घेऊन परत येणारे थोडे.

निकालास लागणाऱ्या वेळाचाहि विचार हवा. २०२० च्या करोनाच्या साथींत आरंभीं या भागांतील नमुने तपासणीस नागपुरास जात, आणि निकालाची वाट पाहणें काय असतें, तें सर्वांनीं तेव्हां अनुभविलें. (त्या साथींत जीं यंत्रें विषाणूचा आर.एन.ए. वेगळा काढीत, त्यांपैकीं पुष्कळांत हेच चुंबकी मणी होते. आपण त्यांची नांवें ऐकलीं नाहींत इतकेंच.) तीन आठवड्यांनीं आलेला निकाल नकाशा रंगविण्यास उपयोगी पडेल; कोणत्या वस्त्यांत जंतु मुरलेला आहे, मच्छरदाण्या आणि फवारणी प्रथम कोठें जावी, हें त्यावरून ठरवितां येईल. पण ज्या माणसाचें रक्त नेलें, तो मधल्या काळांत कितीतरी डासांना जंतु देऊन चुकलेला असतो. म्हणून आशा सेविकेची ती साधी पट्टी मी कमी लेखीत नाहीं. तापाच्या मुलास पंधरावीस मिनिटांत निदान आणि लगेच गोळी, हें कोणत्याहि नॅनोकणास साधणारें नाहीं. दोन्हींचें काम निराळें आहे.

चुंबकाच्या बाजूनें मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रक्तांतील घटक वेगळे करण्याचें नेहमींचें साधन म्हणजे गरगर फिरविणारें यंत्र. त्यास सपाट ओटा लागतो, अखंड वीज लागते, आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा लागतो. चुंबकास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. पी.सी.आर.चें यंत्र एक वेळ दूर राहिलें तरी चालेल. परंतु गोळा करणें, धुणें आणि दाट करणें हें अर्धें काम तालुक्याच्या गांवीं, वीज गेलेली असतांनाहि, होऊं शकेल.

पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला, कीं भामरागडचा रस्ता तुटतो, आणि हिवतापाचे दिवस सुरू होतात ते याच सुमारास. त्या दिवसांत शहराकडे नमुना पाठविणें होत नाहीं. पण गाळणकागदावरील रक्ताचा ठिपका सावलींत नीट वाळवून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवींत बंद केला, तर त्यांतील डी.एन.ए. आठवडेच्या आठवडे टिकतो. तांबडा ठिपका तपकिरी होतो एवढेंच. पूर ओसरून गाडी सुरू होईपर्यंत तो थांबूं शकतो.